भिणारे मूल बोलत नाही

गेल्या वर्षी पावसाळा सरत असता आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी आपल्या धाकट्या मुलास घेऊन आमच्या दारी आली. मुलगा दुसऱ्या इयत्तेत शिकणारा. शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखू लागे; रविवारी व सुटीच्या दिवशी मात्र ते दुखत नसे. बाईने ओवा व हिंग देऊन पाहिले, तालुक्याच्या दवाखान्यात दोन हेलपाटे घातले, आणि डॉक्टरांनी तपासून काही दोष नाही असे सांगितले, तेव्हा ती प्रार्थनेसाठी आली. आम्ही मुलाच्या मस्तकावर हात ठेवून कळकळीने प्रार्थना केली, आणि आमचे कर्तव्य झाले असे समजून दोघांस निरोप दिला.

खरी गोष्ट पुढे सहा आठवड्यांनी उघड झाली, आणि तीही आमच्या चौकशीने नव्हे. शाळेमागील ओढ्याजवळ वरच्या वर्गातील तीन मुले त्यास रोज अडवीत, त्याची पेन्सिल किंवा खाऊचे पैसे काढून घेत, आणि त्याच्याजवळ देण्यास काही नसले की त्यास चिखलात लोटून मारीत. त्याने एकदा धीर करून गुरुजींस सांगितले होते. गुरुजींस चार इयत्ता एकट्याने सांभाळावयाच्या. त्यांनी तक्रार करणारा व मारणारे अशा चौघांस एका रांगेत उभे करून सारख्याच दोन दोन छड्या दिल्या, आणि भांडण मिटले असे समजून ते फळ्याकडे वळले. त्या दिवशी त्या मुलाने जो धडा घेतला तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. सांगितले तर मार वाढतो, हा तो धडा होय. त्यानंतर तो बोलला नाही. त्याच्याऐवजी त्याचे पोट बोलू लागले, आणि ती भाषा आम्हां मोठ्यांपैकी कोणासही कळली नाही.

प्रिय वाचकहो, शाळेत मुले सुरक्षित असावीत याविषयी कोणाचे दुमत नाही. शाळेस कुंपण असावे, फाटक असावे, मुलींसाठी निराळे शौचालय असावे, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर असावी, हे सर्व योग्यच आहे. परंतु या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो नीतीचा प्रश्न आहे. मुलास काही दुःख झाले तर ते सांगण्याची त्यास मोकळीक आहे काय, आणि त्याने सांगितले तर ऐकणारा कोणी आहे काय? जेथे मूल मोठ्या माणसास भिते तेथे ते बोलत नाही; आणि जेथे मूल बोलत नाही तेथे कोणताही अत्याचार पुष्कळ दिवस निर्धास्तपणे नांदू शकतो. म्हणून छडीचा प्रश्न हातावर उठणाऱ्या वळांपाशी संपत नाही. छडीने मुलाच्या तोंडास जे कुलूप लागते त्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

हे आम्ही एका मुलावरून बोलत नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची विचारपूस करून सन २००७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी शेकडा ६५ मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे त्यात सांगितले, म्हणजे दर तिघांपैकी सुमारे दोघांनी. त्याच अहवालात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. आणि अशा मुलांपैकी बहुतेकांनी ती गोष्ट त्यापूर्वी कोणासही सांगितली नव्हती. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. मुलांस मारणे आणि मुलांचे न ऐकणे ही एकाच घरातील दोन भावंडे आहेत, असे आमचे नम्र मत आहे.

आमच्या मंडळ्यांत हा विषय निघताच कोणी तरी वडील गृहस्थ नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा आधार काढतात. त्या पुस्तकात छडीचा उल्लेख आहे, आणि तो मारण्याच्याच अर्थी आहे, हे आम्ही नाकारीत नाही; शास्त्रवचन आपल्या सोईने फिरविणे पाळकास शोभत नाही. तथापि तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की ती वचने मुलाच्या जन्मदात्यास उद्देशून आहेत. चाळीस परक्या मुलांवर नेमलेल्या माणसाच्या हाती ती सनद कोणी दिली? दुसरी अशी की ज्या इब्री शब्दाचे भाषांतर तेथे छडी असे होते तोच शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातातील काठीविषयी आला आहे, आणि तेथे त्या काठीने मेंढरास भय वाटत नाही, धीर येतो. आपल्याकडील धनगर रानात काठी नेतो ती लांडग्यासाठी. कोकराच्या पाठीवर ती रोज मोडणाऱ्यास कोणी शहाणा धनगर म्हणत नाही. तिसरी गोष्ट अशी की त्याच जुन्या करारात हट्टी व बंडखोर मुलास वेशीपाशी नेऊन धोंडमार करण्याचाही नियम आहे. आज कोणी बाप तो पाळू लागला तर आपण त्यास खुनी म्हणू.

याचे कारण, आपण जुना करार प्रभु येशूच्या मुखाकडे पाहत वाचतो. शिष्य आपसांत मोठेपणाचा वाद करीत होते तेव्हा त्याने एका लेकरास त्यांच्यामध्ये उभे केले. आणि लहानांस अडखळविणाऱ्याविषयी त्याने जे कठोर शब्द काढले तसे क्वचितच कोणाविषयी काढले. त्याने हाती दोऱ्यांचा कोरडा घेतल्याची गोष्ट आहे, परंतु तो मंदिरात बाजार मांडणाऱ्या प्रौढ माणसांसाठी होता. त्याच मंदिरात मुले मोठ्याने जयघोष करू लागली तेव्हा याजकांस राग आला व त्यांनी त्याच्याकडे तक्रार केली. प्रभूने मुलांस गप्प केले नाही, त्यांची बाजू घेतली. आमच्या शाळांत व शब्बाथशाळांत मुलांस गप्प बसविण्यासाठी जी छडी फिरते ती उचलताना आपण त्या दिवशी मंदिरात कोणाच्या बाजूस उभे राहिलो असतो, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावे.

छडी सोडणे ही आजकालची नवी टूम आहे असेही कोणी म्हणतात. ते खरे नाही. अकराव्या शतकातील एक गोष्ट अँसेल्म या साधुपुरुषाच्या चरित्रात आहे. तो पुढे कँटरबरीचा मुख्य बिशप झाला व सन ११०९ मध्ये मरण पावला. एका मठाधिपतीने त्याच्याजवळ गाऱ्हाणे केले की मठात वाढणाऱ्या मुलांस आम्ही रात्रंदिवस मारतो, तरी ती अधिकच बिघडतात. अँसेल्मने त्यास विचारले की तुमच्या बागेत रोप लावून त्यास चहूकडून असे आवळले की फांदी पसरावयास जागा राहू नये, तर काही वर्षांनी कसले झाड हाती येईल? वाकडे व निरुपयोगी, असे मठाधिपती म्हणाला. आणि हा दोष कोणाचा, असे अँसेल्मने विचारताच त्याचे डोळे उघडले. पुढे सतराव्या शतकात मोरेव्हियातील बंधुमंडळीचा बिशप कोमेनियस याने शिक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला. दुर्वर्तनास कडक शासन असावे असे तोही म्हणे. परंतु अभ्यास येत नाही म्हणून मारण्यास त्याचा ठाम विरोध होता. वाद्य बेसूर लागले म्हणून गवई त्यावर बुक्की मारीत नाही, सूर जुळेपर्यंत तो धीराने तारा लावतो, हा त्याचा दृष्टांत आहे. तंबोरा लावताना पाहिलेल्या आपल्या लोकांस तो समजावून सांगण्याची गरज नाही.

आता राहिला तो सर्वांत आवडता आक्षेप. "आम्हीही मार खाऊनच शिकलो, आमचे काय वाईट झाले?" यास उत्तर देण्यापूर्वी आम्हांस आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो असता आम्ही एका वसतिगृहावर देखरेखीस होतो. कोठीतून गूळ व शेंगदाणे नाहीसे होऊ लागले. एके दिवशी एका दहा वर्षांच्या मुलाच्या पेटीत गुळाचा खडा सापडला. संध्याकाळच्या उपासनेस सर्व मुले जमली असता आम्ही छडी मागविली व सर्वांदेखत त्यास मारले. मुलगा रडला नाही, एक शब्द बोलला नाही. त्याचे न बोलणे हाच त्याच्या अपराधाचा पुरावा, असे आम्ही मानले.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात तो आम्हांस भेटला. आता तो मालमोटार चालवितो. त्यास बायकामुले आहेत. जेवणे झाल्यावर तो आम्हांस बाजूस घेऊन गेला आणि काही राग न धरता म्हणाला, "गुरुजी, गूळ मोठी पोरं माझ्याकडून काढवून घ्यायची. रात्री त्याहून वाईट करायची. त्या दिवशी संध्याकाळी मी तुम्हाला सांगायलाच येणार होतो. पण त्याआधीच तुम्ही छडी मागवलीत." इतके बोलून त्याने आमच्यासाठी पान आणविले. आम्ही ते खाऊ शकलो नाही.

"आमचे काय वाईट झाले?" असे जे विचारतात त्यांस आम्ही एवढेच सांगू, की आपले काय झाले ते आपण सांगू शकता, परंतु आपल्याच बाकावर बसलेला जो मुलगा चौथीनंतर शाळेत आला नाही, त्याचे काय झाले हे आपण कधी विचारले काय? मार खाऊन शिकलेल्यांची गणती आपण करतो. मार खाऊन मुके झालेल्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एक वृत्तांत या विषयास इतका लागू आहे की तो आजच्याच एखाद्या वसतिगृहातील वाटावा. शिलो येथील मंदिरात एली याजक म्हातारा झाला होता व त्याची दृष्टी मंद झाली होती. त्याचे पुत्र त्याच पवित्र स्थळी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी दुराचार करीत. हे एलीच्या कानी आले होते. त्याने त्यांस शब्दाने टोकले, परंतु आवरले नाही व पदावरून दूरही केले नाही. मंदिराचा लौकिक, आपले घराणे, लोक काय म्हणतील, असे विचार त्याच्या मनात आले असतील काय, हे शास्त्रात लिहिलेले नाही. परंतु आपल्या मनांत ते येतात हे आपणांस ठाऊक आहे. त्याच मंदिरात एक लहान मूल झोपत असे. रात्री त्यास जे कळले ते त्याच्या धन्याच्याच विरुद्ध होते, आणि सकाळी ते सांगावयास शमुवेल भ्याला. येथे मात्र एलीने एक थोर गोष्ट केली. त्याने मुलास माया करून जवळ बोलाविले, काहीही लपवू नको असे बजाविले, आणि ते कडू सत्य ऐकल्यावर त्याने ना मुलास खोटे पाडले, ना त्यास धमकाविले. आपल्या पुत्रांविषयी एली चुकला. त्या मुलाविषयी तो चुकला नाही. आज आमच्या शाळा व मंडळ्या यांस पहिल्या एलीची सवय आहे व दुसऱ्याची गरज आहे.

संस्थेच्या नावलौकिकासाठी मौन पाळण्याचा परिणाम काय होतो हे महाराष्ट्राने फार दूरच्या काळी नव्हे, तर सन २०२४ च्या ऑगस्टात पाहिले. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेत दोन अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, आणि फिर्याद नोंदवून घेण्यासाठी पालकांस पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. ता. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर बसले, व मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन त्या प्रकरणात लक्ष घातले. पुढे शाळांत कॅमेरे बसविण्याचा आदेश निघाला. कॅमेरा उपयोगी आहे, परंतु त्यास मुलाच्या पोटदुखीचे कारण दिसत नाही. त्या मुलींविषयी प्रथम कळले ते त्यांच्याच घरच्यांस, कारण घरी त्यांचे ऐकले गेले.

आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींस कायदा काय म्हणतो हेही ठाऊक असावे. सन २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा ता. १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे. मुलास जातीच्या नावाने हाक मारणे, त्याच्या आईबापांच्या कामावरून किंवा गरिबीवरून चारचौघांत हिणविणे, हा घाव छडीवाचून बसतो, व तो खोल जातो. आमच्या समाजास हे कोणी शिकवावयास नको. सन २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळेल त्याने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे; न कळविणे हा गुन्हा आहे, व संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाविषयी गप्प बसणे हा अधिक मोठा गुन्हा आहे. ही सक्ती पाळकास, उपदेशकास व मंडळीच्या पंचांसही लागू आहे. मुलाचे म्हणणे त्याच्या घरी किंवा त्यास सोईच्या जागी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, आणि होईल तितके करून स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यावे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणून पोलीस ठाण्याच्या भीतीने मागे सरू नये. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक उपासनामंदिराच्या दारावर लिहून ठेवावा.

अशा प्रकरणी पंच बसवून, दोन्ही बाजूंस समजावून, काही रक्कम ठरवून, प्रार्थना करून मिटविण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती मोडली पाहिजे. क्षमा हा ख्रिस्ती मनुष्याचा मोठा अलंकार आहे, परंतु लेकरावर झालेल्या जुलमाची क्षमा त्याच्या वतीने करण्याचा अधिकार कोणत्याही पंचास नाही. तसेच, तक्रार ऐकणे म्हणजे निवाडा करणे नव्हे. एखाद्या शिक्षकावर आळ आला असता चौकशीपूर्वीच त्यास दोषी ठरवून गावभर बभ्रा करणे हाही अन्याय आहे. आपण ऐकावे, कळवावे, मुलाचे नाव गुप्त राखावे. निवाडा ज्यांचा अधिकार आहे त्यांनी करावा.

गावातील मंडळीने आणखी काय करावे? कामे साधी आहेत. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत जावे. कायद्याने तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ऊसतोडीस जाताना मुले आजीकडे ठेवणाऱ्यांनी गावात एक विश्वासू माणूस नेमून द्यावा, की ज्याच्यापाशी मूल हवे ते बोलू शकेल. आमच्या शब्बाथशाळांतून व वसतिगृहांतून छडी आजच काढून टाकावी, आणि कोणताही प्रौढ मनुष्य बंद दाराआड एकट्या मुलासोबत बसणार नाही असा नियम करावा; तो नियम पाळकापासून सुरू व्हावा. मोठ्या मुलांच्या हाती आता भ्रमणध्वनी आहे, आणि एकाची फजिती चित्रित करून ती गावभर पाठविणे हा नवा मार आहे. त्याकडे थट्टा म्हणून पाहू नये. आणि संध्याकाळी चुलीपाशी, मूल जेवीत असता, त्यास आज किती गुण मिळाले हे विचारण्याआधी आज तुला कोणाची भीती वाटली काय, असे विचारावे. ते उत्तर देईल तेव्हा मध्येच रागावू नये, "तूच काही तरी केले असशील" असे म्हणू नये.

शिक्षकांविषयी एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. एका माणसावर अनेक इयत्ता, त्यावर निवडणुकीची व गणतीची कामे, आणि वर गावाची बोलणी, अशा स्थितीत ज्याचा हात उठतो तो राक्षस नसतो. तो पुष्कळदा थकलेला असतो. त्यास शत्रू करू नये. आमच्या गावच्या गुरुजींकडे आम्ही त्या मुलाच्या आईसह गेलो तेव्हा ते प्रथम रागावले, मग बराच वेळ खाली पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते ओढ्यापर्यंत मुलांबरोबर चालत जाऊ लागले. त्या तीन मोठ्या मुलांस त्यांनी मारले नाही. त्यांच्या घरी गेले. त्यांपैकी एकास त्याचा बाप दारू पिऊन रोज मारतो, हे तेव्हा त्यांस कळले. तो मुलगाही कोणापाशी बोलला नव्हता.

विधवा भगिनीचा मुलगा आता शाळेत जातो. पोट दुखते असे तो अजूनही कधी कधी म्हणतो. तेव्हा आम्ही प्रार्थना करतोच, परंतु आता त्याआधी त्याच्याजवळ जमिनीवर बसतो व विचारतो, आणि त्याचे बोलणे होईपर्यंत उठत नाही. परमेश्वर आम्हां सर्वांस, शिक्षकांस, आईबापांस व विशेषेकरून त्याच्या मंडळीच्या सेवकांस, असे ऐकण्याचे धैर्य देवो.